आंबा थेट विकणाऱ्या बागायतदाराने ब्लॉगची उद्दिष्टे कशी ठरवावीत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक बागायतदार आता आपल्या हापूसचा काही भाग नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारात न पाठवता थेट ग्राहकाला विकतात. त्यासाठी संकेतस्थळ तयार होते आणि त्यावर ‘ब्लॉग’ नावाचा एक विभागही असतो. पहिल्या वर्षी उत्साहाने चार लेख लिहिले जातात आणि दुसऱ्या वर्षापासून तो विभाग ओस पडतो. लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, हे त्याचे कारण क्वचितच असते. त्या लेखांनी नेमके काय करायचे, हे कोणी ठरवलेलेच नसते आणि त्यामुळे ते काम झाले की नाही हेही कळत नाही. आमच्या घरच्या आंबाविक्रीसाठी ब्लॉगचे काम मी काही हंगामांपासून सांभाळत आहे. त्यातून बसलेली पद्धत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडली आहे. उदाहरणे आंब्याची असली तरी काजूगर, कोकम किंवा तांदूळ थेट विकणाऱ्यालाही यातील बहुतेक भाग उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ब्लॉग किती जणांनी वाचला हा आकडा उद्दिष्ट होऊ शकत नाही. तो हिशेबातला एक टप्पा आहे आणि त्याची जागा पुढे तिसऱ्या पायरीत येईल.

बसण्यापूर्वी जवळ काय असावे

- मागील किमान एका, शक्य तर दोन हंगामांची विक्रीची वही: किती डझन थेट गेले, कोणत्या शहरात गेले, नवे ग्राहक किती आणि जुने किती.
- ग्राहकांनी फोनवर व व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. व्हॉट्सअ‍ॅपचे जुने संवाद पुसू नका. उद्दिष्ट ठरवताना एवढा उपयोगी दुसरा कागद नाही.
- संकेतस्थळाच्या डोमेन नावाची, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची, मालकी आणि त्याचा पासवर्ड. डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदलेले आहे का, हे आजच पाहा. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यावर घेतलेले असेल, तर पुढचे सगळे कष्ट दुसऱ्याच्या जमिनीवर कलमे लावल्यासारखे ठरतील.
- गुगल सर्च कन्सोल (गुगलच्या शोधातून किती जण आले ते दाखवणारे) आणि गुगल अ‍ॅनालिटिक्स 4 (आलेल्या वाचकांनी संकेतस्थळावर काय केले ते दाखवणारे) ही दोन विनामूल्य साधने, तुमच्या खात्याशी जोडलेली.
- व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, कारण चौकशीला येणारा बहुतेक ग्राहक तिथेच येतो.
- एक साधी स्प्रेडशीट. महागड्या सॉफ्टवेअरची या कामाला गरज नाही.

1. ब्लॉगकडून काय हवे ते धंद्याच्या भाषेत लिहा

‘इंटरनेटवर आपले अस्तित्व असावे’ किंवा ‘लोकांपर्यंत पोहोचावे’ अशी वाक्ये कागदावर आली तर ती खोडून टाका. ती खोटी नसतात, पण त्यांच्यावरून पुढच्या आठवड्यात कोणता लेख लिहावा हे ठरत नाही. त्याऐवजी विक्रीची वही उघडून धंद्यात कुठे अडते ते पाहा. थेट विक्री करणाऱ्याच्या अडचणी साधारणपणे तीन प्रकारच्या असतात.

पहिली अडचण नवा ग्राहक मिळण्याची. मुंबई-पुण्यातल्या ज्या कुटुंबाने तुमचे नाव कधी ऐकलेले नाही, त्याने पैसे आगाऊ भरून फळ मागवावे अशी तुमची अपेक्षा असते. त्याच्या मनातला पहिला प्रश्न भावाचा नसून खात्रीचा असतो. हंगामात दुसऱ्या राज्यांतून येणारे, दिसायला हापूससारखेच फळ कोकणच्या नावाने विकले जाते, हे त्यालाही ठाऊक असते.

दुसरी अडचण विश्वास बसल्यानंतरची आहे. ग्राहकाला कच्चे, हिरवट फळ मिळते आणि ‘हे पिकणार कधी, पेंढ्यात ठेवायचे का, फ्रिजमध्ये ठेवू का’ असे फोन सुरू होतात. ऐन एप्रिलमध्ये, काढणी आणि भरणी चालू असताना, घरातले एक माणूस केवळ या उत्तरांसाठी अडकते. आढी कशी घालावी (म्हणजे फळे पेंढ्यात रचून पिकायला कशी ठेवावीत), फळ किती दिवसांनी हाताला मऊ लागते, देठाजवळ सुरकुत्या दिसू लागल्या म्हणजे काय समजावे, हे सर्व एका लेखात नीट लिहून पेटी रवाना होताच त्याचा दुवा ग्राहकाला पाठवला, तर यातले बरेच फोन येतच नाहीत. साक्याचेही, म्हणजे फळाच्या आतला गर खराब होण्याच्या दोषाचेही, तसेच आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तो का होतो आणि निघाला तर तुम्ही काय भरपाई देता, हे आधीच लिहून ठेवलेले असेल तर तक्रारीचा सूर बदलतो. ‘येणारे प्रश्न कमी करणे’ हे ब्लॉगचे पूर्णपणे रास्त उद्दिष्ट आहे आणि माझ्या मते छोट्या बागायतदारासाठी ते सर्वांत लवकर फळ देणारे आहे. तरीही ते फारसे कोणी कागदावर लिहीत नाही.

तिसरी अडचण जुना ग्राहक पुढच्या वर्षी विसरण्याची. तिच्यासाठी लेखांपेक्षा वेळेवर गेलेला एक संदेश अधिक कामाचा असतो, म्हणून ब्लॉगवर तिचा भार टाकू नये.

2. मुख्य उद्दिष्ट एकच ठेवा

वरच्या अडचणींपैकी जी सर्वांत महागात पडते ती निवडा आणि तिच्यावरून एक मुख्य उद्दिष्ट लिहा. फार तर एक दुय्यम उद्दिष्ट सोबत असू द्या. तीन-चार उद्दिष्टे ठेवली की प्रत्येक लेख कशात तरी बसतो आणि कोणताच लेख नाकारता येत नाही.

उद्दिष्ट लिहिताना आंब्याच्या धंद्यात एक खास काळजी घ्यावी लागते. ‘यंदा ब्लॉगमधून अमुक डझन विकू’ असे जुलैमध्ये ठरवले आणि डिसेंबरात मोहोर करपला, तुडतुड्यांनी किंवा थ्रिप्सने खाल्ला किंवा अवकाळी पावसाने झडला, तर तो आकडा निरर्थक होतो. उलट चांगल्या वर्षी तोच आकडा फारच सोपा ठरतो. म्हणून उद्दिष्ट मालाच्या हिश्श्यात लिहा: ‘एकूण मालापैकी एक तृतीयांश थेट विक्रीला जावा आणि त्यातला अमुक भाग ब्लॉग वाचून आलेल्या नव्या ग्राहकांकडे जावा.’ पिकाचा अंदाज आल्यावर त्याचे डझनांत रूपांतर करता येते.

3. उलटा हिशेब करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. खालचे सगळे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील.

समजा, एकूण माल 1,500 डझन अपेक्षित आहे आणि त्यातले 500 डझन थेट विकायचे आहेत. मागील अनुभवावरून जुने ग्राहक 340 डझन घेतील. उरले 160 डझन, म्हणजे ब्लॉगने आणायची विक्री एवढी. नवा ग्राहक सरासरी 4 डझन घेत असेल तर 40 ग्राहक लागतील. चौकशी करणाऱ्या चारांपैकी एक जण ऑर्डर देतो असे वहीत दिसत असेल तर 160 चौकश्या लागतील. शंभर वाचकांपैकी दोघे चौकशी करतात असे धरले तर हंगामात 8,000 वाचक हवेत.

हिशेब डझनांतच करावा. वाशीला जाणारी लाकडी पेटी आणि ग्राहकाला जाणारा पुठ्ठ्याचा खोका यांत फळांची संख्या सारखी नसते, आणि ‘पेटी’ या शब्दावर केलेला हिशेब मध्येच फसतो.

आता सर्च कन्सोलमध्ये मागच्या हंगामातील क्लिकांची संख्या पाहा. ती 7,000 असेल तर उद्दिष्ट आवाक्यात आहे. ती 2,500 असेल तर एका वर्षात वाचक तिपटीने वाढवण्याची आशा धरण्यापेक्षा या हिशेबाच्या साखळीतील पुढची कडी, म्हणजे चौकशीचे प्रमाण, तपासावी. शंभरात दोघांऐवजी चौघांनी चौकशी केली, तर 4,000 वाचक पुरतात. हे प्रमाण वाढवणे अनेकदा लेखाच्या शेवटी असलेल्या चार ओळींवर अवलंबून असते. फळाचे वजन व प्रतवारी, चालू भाव, कोणत्या शहरात किती दिवसांत पोहोचते आणि खराब फळाची भरपाई कशी मिळते, एवढे तिथे लिहिलेले असले पाहिजे. ‘भावासाठी संपर्क साधा’ एवढेच लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि संकोची ग्राहक तिथूनच परत जातो.

एवढे करूनही आकडा जुळत नसेल, तर उद्दिष्ट खाली आणा. पहिल्या वर्षी 60 डझनांचे पूर्ण झालेले उद्दिष्ट हे 160 डझनांच्या अर्धवट राहिलेल्या उद्दिष्टापेक्षा पुढच्या वर्षाच्या नियोजनाला कितीतरी अधिक उपयोगी असते, कारण तेव्हा साखळीतील प्रत्येक प्रमाण तुमच्या स्वतःच्या वहीतून आलेले असते.

4. मुदती बागेच्या कॅलेंडरवरून ठरवा

व्यवसायावरच्या लेखांत तिमाही उद्दिष्टे आणि मार्चअखेरचा आढावा यांची शिफारस असते. आपल्यासाठी मार्च म्हणजे हंगामाचे तोंड. तेव्हा आढाव्याला वेळ नसतो आणि आढाव्याजोगे काही हाती आलेलेही नसते.

नवा लेख गुगलच्या शोधात वर यायला वेळ लागतो, आणि नव्या संकेतस्थळाच्या बाबतीत तो काही महिन्यांचा असू शकतो. एप्रिलमध्ये लोक शोधतील असा विषय मार्चअखेरीस लिहून प्रसिद्ध केला, तर तो जूनमध्ये, म्हणजे पाऊस पडून हंगाम आटोपल्यावर वर येण्याची शक्यता अधिक. यावरून क्रम असा बसतो.

*जुलै ते सप्टेंबर:* बागेतली खतांची, बेणणीची (तण काढण्याची) आणि कल्टार या मोहोरासाठी दिल्या जाणाऱ्या संजीवकाची कामे सांभाळून लिहिण्यासाठी हाच काळ मोकळा असतो. मुख्य लेख याच काळात लिहावेत. अस्सल हापूस कसा ओळखावा, फळ घरी कसे पिकवावे, साका म्हणजे काय, वजनानुसार प्रतवारी कशी असते, हे विषय दरवर्षी विचारले जातात आणि शिळे होत नाहीत.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* हे लेख प्रसिद्ध झालेले असावेत. जुने लेख असतील तर त्यांतले भाव आणि तारखा बदलाव्यात. लेखाचा पत्ता मात्र बदलू नये, कारण जुन्या पत्त्याने कमावलेले शोधातले स्थान त्यामुळे हातचे जाऊ शकते.

*जानेवारीअखेर:* पहिला मोहोर टिकला का, फळधारणा कशी आहे, दुसरा मोहोर येतो आहे का, हे दिसू लागते. ही उद्दिष्ट सुधारण्याची ठरलेली तारीख. हिश्श्यात लिहिलेले उद्दिष्ट आता डझनांत उतरवा.

*फेब्रुवारी ते मे:* नवे मोठे लेख नकोत. पिकाची स्थिती, पहिली काढणी, भावात झालेला बदल अशा छोट्या नोंदी पुरेत. या काळात मोजमाप मात्र दर आठवड्याला करावे.

अस्सल हापूसची खात्री देणाऱ्या लेखाविषयी एक सूचना. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मानांकनाचा उल्लेख विक्रीसाठी करायचा असेल तर त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली असली पाहिजे. जिल्ह्यात बाग आहे एवढ्याने तो हक्क मिळत नाही. नोंदणी असेल तर तिचा क्रमांक लेखात ठळक द्या. पिकवण्याबद्दल लिहिताना कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे आणि इथिलीन वायूच्या नियंत्रित वापराला परवानगी आहे, हा फरक स्पष्ट लिहा. ‘आमचा आंबा शंभर टक्के नैसर्गिक’ या वाक्यापेक्षा असा एक परिच्छेद ग्राहकाला अधिक पटतो.

5. मोजण्याची सोय आधी, लेख नंतर

मोजता आले नाही तर उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही यावर घरात वाद होतात, आणि त्यात नेहमी मोठ्या आवाजात बोलणारा जिंकतो. म्हणून खालची व्यवस्था पहिला लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी लावून घ्यावी.

*सर्च कन्सोल.* लोकांनी काय शोधल्यावर तुमचा लेख दिसला, किती वेळा दिसला आणि किती जणांनी तो उघडला, हे यात कळते. ही माहिती 16 महिनेच उपलब्ध असते. म्हणजे या एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी करता येते, पण त्याच्याही आधीच्या एप्रिलशी नाही. म्हणून दर हंगामानंतर माहिती उतरवून स्प्रेडशीटमध्ये ठेवा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी यादीत दाखवले जात नाहीत, त्यामुळे शब्दांच्या क्लिकांची बेरीज एकूण क्लिकांशी जुळली नाही तर घाबरू नये.

*अ‍ॅनालिटिक्स 4.* यातील सविस्तर विश्लेषणासाठीची माहिती मूळ सेटिंगप्रमाणे केवळ 2 महिने राखली जाते. सेटिंगमध्ये जाऊन ती मुदत 14 महिने करा, आणि हे पहिल्याच दिवशी करा, कारण एकदा गेलेली माहिती नंतर मुदत वाढवून परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर कोणी टिचकी मारली तर ती ‘महत्त्वाची घटना’ म्हणून नोंदली जाईल असे लावून घ्या. स्वतःला जमत नसेल तर संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यावे.

*व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा.* बटणाच्या दुव्यात संदेशाचा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. प्रत्येक लेखाच्या बटणात वेगळे वाक्य भरा: एका लेखात ‘आढीबद्दलचा लेख वाचला, भाव कळवावा’, दुसऱ्यात ‘अस्सल हापूसबद्दलचा लेख वाचला, भाव कळवावा’. ग्राहकाने तो मजकूर तसाच पाठवला की चौकशी कोणत्या लेखातून आली ते विचारण्याची गरज राहत नाही. संदेश आला की व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये त्याला ‘ब्लॉग’ असे लेबल लावा. काही ग्राहक मजकूर पुसून स्वतःचे लिहितात, काही थेट फोन करतात. त्यांना ‘आमची माहिती कुठे मिळाली?’ एवढे विचारून वहीत एक रकाना भरावा.

*प्रश्नांची मोजणी.* दुय्यम उद्दिष्ट फोन कमी करण्याचे असेल, तर ‘माल पोहोचल्यानंतरचे प्रश्न’ असा वेगळा रकाना ठेवा आणि तो दर शंभर डझनांमागे किती, असा मोजा. विक्री वाढली की एकूण फोन वाढणारच, आणि नुसता एकूण आकडा पाहिला तर चांगला लेखही अपयशी वाटेल.

या ठिकाणी परदेशी वाचकांविषयी सावध करणे आवश्यक आहे. हापूसवर मराठीत लिहिले की अमेरिका, इंग्लंड, आखाती देश इथले मराठी वाचक आवर्जून येतात, लेख शेवटपर्यंत वाचतात आणि नातेवाइकांना पाठवतात. पण भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या आंब्याला विकिरण प्रक्रिया आणि तपासणी बंधनकारक आहे. बागेतून खोका भरून तिथे थेट पाठवता येत नाही. अशा वाचकांमुळे संख्या फुगते आणि चौकशीचे प्रमाण खाली आल्यासारखे दिसते. म्हणून अ‍ॅनालिटिक्समध्ये ज्या शहरांत तुम्ही माल पोहोचवता तेवढीच शहरे वेगळी काढून बघा. अर्थात, परदेशातील मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी ऑर्डर देतो, ही शक्यता खरी आहे आणि ती चांगली आहे. त्याच्यासाठी ‘भेट म्हणून पाठवा’ अशी सोय ठेवली तर ती विक्री वेगळी मोजता येईल.

चौकशी करणाऱ्यांचे क्रमांक जमतात, तेव्हा पुढच्या वर्षी संदेश पाठवण्यासाठी त्यांची स्पष्ट संमती घ्यावी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला असून त्याचा पाया संमती हाच आहे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीतून) गेलेला संदेश, ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केलेला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ‘क्रमांक सेव्ह करून ठेवा’ असे सांगावे.

6. नाव आणि वेळ लिहा

‘स्मार्ट’ (SMART) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्दिष्टांच्या पाच कसोट्या जॉर्ज डोरन यांनी 1981 साली एका व्यवस्थापनविषयक मासिकात मांडल्या, आणि त्या आज जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात शिकवल्या जातात. मूळ मांडणीत ‘ही जबाबदारी नेमकी कोणाची’ ही एक कसोटी होती. पुढे अनेक ठिकाणी ती गळून तिच्या जागी ‘साध्य होण्याजोगे’ ही आली. घरच्या धंद्यात गळलेली हीच कसोटी सर्वांत जास्त नडते. लेख कोण लिहिणार, फोटो कोण काढणार, दर सोमवारी आकडे कोण उतरवणार, यांपुढे एकेका व्यक्तीचे नाव असावे. ‘आम्ही सगळे मिळून’ असे लिहिले असेल तर एप्रिलमध्ये कोणीही ते करणार नाही.

लिहिणे बाहेरच्या व्यक्तीला द्यायचे असल्यास करारात लेखांची संख्या लिहू नका. विषय आणि मुदत लिहा. संख्येवर पैसे ठरले की ‘आंबा खाण्याचे दहा फायदे’ असे कोणत्याही बागेचे होऊ शकणारे लेख येऊ लागतात, ज्यांतून एकही चौकशी येत नाही.

7. हंगामात दर आठवड्याला, हंगामानंतर एकदा

हंगामातील साप्ताहिक तपासणीत चारच आकडे पाहावेत: तुमच्या शहरांतले वाचक, ब्लॉगमधून आलेल्या चौकश्या, त्यांतून झालेल्या ऑर्डरी आणि डझन. कोणती कडी तुटली आहे त्यावर उपाय ठरतो. वाचक आहेत पण चौकशी नाही, तर लेखाचा शेवट आणि भाव तपासा. चौकश्या आहेत पण ऑर्डरी नाहीत, तर दोष ब्लॉगचा नसून उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा असण्याची शक्यता मोठी. रात्री आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर मिळाले, तर ग्राहकाने तोवर दुसरीकडे मागवलेले असते. वाचकच नसतील, तर या हंगामात त्यावर फारसे काही करता येणार नाही; ती नोंद जुलैसाठी ठेवा आणि उरलेला माल वेळेत बाजाराकडे वळवा, कारण पिकायला लागलेले फळ उद्दिष्टासाठी थांबत नाही.

अंतिम आढावा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हिशेब पूर्ण झाल्यावर घ्यावा. त्या वेळी सर्च कन्सोलची माहिती उतरवून घ्या, तिसऱ्या पायरीतील साखळीत अंदाजाच्या जागी खरे आकडे भरा आणि प्रत्येक लेखापुढे त्यातून आलेल्या चौकश्यांची संख्या लिहा. ज्या लेखातून दोन हंगामांत एकही चौकशी आली नाही आणि ज्याने एकही फोन वाचवला नाही, तो तसाच राहू द्या, पण त्या विषयावर पुन्हा वेळ घालवू नका. ग्राहकांनी या हंगामात विचारलेल्या नव्या प्रश्नांची यादी त्याच स्प्रेडशीटच्या पुढच्या पानावर उतरवली की जुलैमध्ये लिहायचे विषय तयार असतात.